प्रशिक्षणाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करावा का?

प्रश्न थोडक्यात असा होता: "इंजिनिअरिंग करून तलाठी भरतीतून सातारा जिल्ह्यात लागलोय. सध्या प्रशिक्षण चालू आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावरची कलमं वाचून दाखवतात. मागचे दोन बाक राज्यसेवेचा अभ्यास करत बसतात. काम शेवटी सजावर, म्हणजे नेमून दिलेल्या गावांत, गेल्यावर जुनी माणसं शिकवतीलच. मग वर्गात लक्ष देऊन काय मिळणार? आणि काही विचारावंसं वाटलं तरी सगळ्यांसमोर लाज वाटते."

मी महसुलात कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. नोकरी सगळी सातारा-सांगलीतच झाली. निवृत्तीनंतर नव्या तलाठ्यांच्या वर्गावर अधूनमधून बोलावतात, म्हणजे तुमच्यासमोर पडदा लावून उभं राहणाऱ्यांपैकीच मी एक. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कंटाळा येतो हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. सजावर काय शिकता येतं आणि काय येत नाही? सजावर गेल्यावर तुमच्या वरचा मंडळ अधिकारी, शेजारच्या सजाचा जुना तलाठी आणि कोतवाल तुम्हाला काम नक्की शिकवतील. पण ते शिकवतील ते 'आपल्याकडं असं करतात' या स्वरूपात. त्यातलं बरंचसं बरोबर असतं, थोडं सवयीचं असतं आणि थोडं चक्क चुकीचं असतं. यातलं कोणतं कुठलं, हे ओळखायला एक गोष्ट आधी पक्की लागते: तुमच्या सहीचा हात नेमका कुठं थांबतो. माझ्या मते वर्गात शिकायची गोष्ट हीच. अधिकार कोणते आहेत हे गावच तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगेल, कारण जो तो 'भाऊसाहेब, तुमच्याच हातात आहे' म्हणत येईल. काय हातात नाही, हे मात्र गावात कुणी सांगत नाही.

आता हे प्रत्येकाला सारखं लागू नाही. आधी सजा मिळून मग वर्गाला आलेला माणूस आणि थेट वर्गात येऊन बसलेला माणूस यांच्यात फार फरक पडतो. पहिल्याच्या डोक्यात चार अडलेली प्रकरणं असतात, त्यामुळं कलम वाचलं की त्याला एखादा खातेदार आठवतो. दुसऱ्याला नुसते आकडे दिसतात. माझं विचाराल तर दोन-तीन महिने सजावर घासून मगच वर्गाला पाठवावं, पण ते तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नव्हतं. शिकवणारा कोण यावरही बरंच आहे. काही जण खरोखरच पडदा वाचतात. त्यांच्या तासालाही काहीतरी पदरात पडावं यासाठी काय करता येईल, ते आधी सांगतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची मराठी प्रत समोर ठेवा. साधी, टीका-टिप्पणी नसलेली, पण ताज्या सुधारणांसह छापलेली. पडद्यावर कलम आलं की पुस्तकात तेच काढा आणि समासात चार गोष्टी लिहा: हे कोणी करायचं, किती दिवसांत, कशाच्या आधारावर आणि पटलं नाही तर दाद कुणाकडं. उदाहरणार्थ कलम १४९ आणि १५०. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं ते मिळवणाऱ्यानं. फेरफार नोंदवहीत, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांतले बदल लिहायच्या वहीत, नोंद घ्यायची तलाठ्यानं. चावडीवर प्रत लावायची, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, हेही तलाठ्यानंच. पण नोंद प्रमाणित करायची मंडळ अधिकाऱ्यानं. हरकत आली की ती गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि तिचा निकाल तुमच्याकडं नसतो. मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर कलम २४७ खाली अपील प्रांतांकडं (उपविभागीय अधिकाऱ्यांकडं), कलम २५० प्रमाणं साठ दिवसांत. एवढं समासात लिहिलं की ज्याचा कंटाळा येत होता त्याच तासातून तुम्हाला स्वतःच्या कामाची हद्द मिळालेली असते.

ही हद्द कागदावर सोपी दिसते. वर्गात मी ती फळ्यावर एक वंशावळ काढून तपासतो. कराडकडचं एक घर धरा. खातेदार वारला. मागं बायको, एक हयात मुलगा, दोन लग्न झालेल्या मुली. दुसरा मुलगा बापाच्या आधीच गेलेला, त्याची बायको आणि एक लहान मुलगी आहे. हयात मुलगा अर्ज घेऊन येतो. मृत्यूचा दाखला जोडलेला, सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर बहिणींनी लिहून दिलेलं, नोटरी केलेलं 'आम्हाला हिस्सा नको'. मी एवढंच विचारतो, नावं कुणाकुणाची लावायची?

दर वेळी वर्ग तीन भागांत फुटतो. पहिला गट म्हणतो, आई आणि मुलगा. दुसरा म्हणतो, आई, मुलगा आणि मेलेल्या मुलाची बायको. तिसरा गट सगळी नावं घेतो, पण आवाज जरा बारीक असतो. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, "सर, मुलींची लग्नं १९९४ च्या आधी झालीत, त्यांना हक्क नाही." हे वाक्य गावोगाव चालतं, म्हणून ते वर्गात आलं की मला बरं वाटतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटेकरी केलं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या, हे खरं. पुढं २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली. ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि लग्नाची ती अट उरली नाही. त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला. तशी गरज नाही. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी बापाच्या मागं मुलगी वर्ग १ ची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस आहे हे १९५६ च्या मूळ कायद्यातच आहे. त्यामुळं तिचं नाव वारसात येणार की नाही हा प्रश्नच नव्हता, लोकांनी तो केला.

मग उत्तर काय? आई, मुलगा, दोन्ही मुली, मेलेल्या मुलाची विधवा आणि त्याची मुलगी, सगळ्यांची नावं. अर्ज आता ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून आला तरी क्रम तोच. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये, स्थानिक चौकशी, मंडळ अधिकाऱ्याचा वारस ठरवणारा निर्णय, मग नमुना ६ मध्ये फेरफार. आणि तो स्टॅम्प? जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो. नोटरीचा कागद त्या कामाचा नाही. बहिणींना खरंच सोडायचं असेल तर आधी त्यांचं नाव लागू दे, मग त्यांनी दुय्यम निबंधकाकडं हक्कसोडपत्र करावं, त्याचा दुसरा फेरफार पडेल. कुणाचा हिस्सा किती यात तर तलाठ्यानं शिरायचंच नाही. वाटप कलम ८५ खाली तहसीलदारांकडं किंवा दिवाणी न्यायालयात.

या ठिकाणी मागच्या बाकावरून हमखास विचारलं जातं, "सर, पण आमचे सर्कल (मंडळ अधिकारी) असंच घेतात म्हणाले तर?" हा वर्गातला सगळ्यात मोलाचा प्रश्न. प्रमाणित करणं त्यांचं काम आहे, त्यांना करू दे. तुमचा अहवाल मात्र तुमचा आहे. त्यात सगळ्या वारसांची नावं लिहा, स्टॅम्प नोंदणीकृत नाही असं एक वाक्य लिहा, सगळ्यांना नोटीस बजावल्याची पोच जोडा. भांडायची गरज नाही, उपदेशाची तर नाहीच. एवढं लिहून ठेवलेला तलाठी चार वर्षांनी प्रांतांसमोर अपील चालतं तेव्हा शांत झोपलेला असतो.

दुसरं उदाहरण बरोबर उलट आहे, कारण तिथं हात तुमचाच आहे आणि दुसरा कुणी वाचवायला नाही. पंचनामा. सांगलीकडं ज्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले, त्यांना हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गावच्या गाव तुमच्या दारात उभं असतं. पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आले. तिथल्या पंचनाम्यांचं काम पिकांच्या पंचनाम्याहून कितीतरी जड. असल्या दिवसांत वर्गातलं काहीही आठवत नाही, फक्त हाताला लागलेली सवय चालते. ती सवय वर्गात लावता येते.

मी सोयाबीनच्या एका शेताचे फोटो दाखवतो. ओढ्याकडचा भाग आडवा, पाण्यात. वरचा भाग उभा, थोडा पिवळा. सगळ्यांना नुकसानीची टक्केवारी कागदावर लिहायला लावतो, शेजाऱ्याला न दाखवता. आकडे पंचविसापासून सत्तरपर्यंत येतात. आता आपत्ती निधीतून पिकाची मदत मिळते ती ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर. म्हणजे एकाच फोटोवर निम्म्या वर्गानं त्या शेतकऱ्याला मदत दिली आणि निम्म्यानं काढून घेतली. वर्ग एकदम गप्प होतो. मग आपण बसतो आणि वेगळं करतो: बाधित क्षेत्र किती गुंठे हा एक आकडा, त्या क्षेत्रात पीक किती टक्के गेलं हा दुसरा. नवी पोरं हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात, त्यातून निम्मा गोंधळ होतो. पावलांनी माप काढायला लावतो. 'पीक पूर्णपणे नष्ट झाले' असं लिहू देत नाही. 'गटाच्या पूर्वेकडील ओढ्यालगतच्या सुमारे इतक्या गुंठ्यांत झाडे आडवी, शेंगा काळ्या पडून कुजलेल्या' असं लिहायला लावतो. जे डोळ्यांना दिसलं ते आधी, टक्केवारी मागाहून. असा पंचनामा वाचणाऱ्याला ती टक्केवारी कुठून आली हे कळतं आणि तक्रार झाली तर तुम्हालाही आठवतं.

इथं एक तक्रार करतोच. शेतात पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघं मिळून जातात, तिघांच्या सह्या पडतात. शिकवतात मात्र तिघांना तीन ठिकाणी. राज्याच्या वर्ग १ आणि २ च्या अधिकाऱ्यांना एकत्रित परिविक्षाधीन प्रशिक्षणात वेगवेगळ्या खात्यांचे लोक एका वर्गात मिळतात. मसुरीला भारतीय सेवांचं पायाभूत प्रशिक्षण एकत्र चालतं, त्यामागचा विचारही तोच. गावपातळीवर ज्यांना रोज एकमेकांचं तोंड पाहायचंय, त्यांची पहिली ओळख पुराच्या चिखलात होते. तुम्ही यावर काही करू शकत नाही, पण प्रशिक्षण संपल्यावर तुमच्या गावच्या कृषी सहायकाला पहिल्याच आठवड्यात भेटा. पंचनाम्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

मधल्या सुट्टीबद्दलही सांगतो, कारण मला ती तासांइतकीच कामाची वाटते. सगळे पहिल्या दिवशी आपापल्या तालुक्याचं टोळकं करून बसतात. कराडवाले कराडवाल्यांत, माणवाले माणवाल्यांत. दुसऱ्या दिवसापासून जागा बदला. माण-खटावच्या माणसाला पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) आणि टंचाई तोंडपाठ असते, त्याला अतिवृष्टीचं फारसं माहीत नसतं. पाटण-जावळीच्या माणसाचं उलट. पाटणचा माणूस तुम्हाला कोयना प्रकल्पग्रस्तांच्या जमिनी सांगेल: कुणाला कुठं पुनर्वसनात मिळाली, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर बंधन असलेली जमीन) का लागलं, परवानगीशिवाय विक्री झाली तर काय होतं. फलटणचा माणूस सांगेल की त्याच्याकडचं जुनं दफ्तर संस्थानी आहे. सांगलीच्या वर्गात जत आणि आटपाडीच्या मुलांकडूनही हेच ऐकलंय. जत स्वतंत्र संस्थान होतं, आटपाडी औंधकडं होती. जुने फेरफार मोडीत निघतात, वाचणारा मिळत नाही. पडद्यावर यातलं काही येत नाही, कारण पडदा सगळ्या राज्यासाठी एकच असतो. माजी सैनिक वर्गात असेल तर त्याच्या शेजारी एक दिवस बसाच. जागेचं वर्णन कसं करायचं हे त्याला आधीच शिकवलेलं असतं.

आता मागच्या बाकांचा अभ्यास. त्यावर मी रागावत नाही. तुमच्या भरतीत साडेचार हजारांहून अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. इतकी वर्षं अभ्यास केलेल्या माणसाला एक पायरी मिळाल्यावर पुढची दिसणारच. अनेकांना ती मिळतेही, मिळावी. पण हिशेब करा. वर्गात चोरून वाचलेले दोन तास म्हणजे धड अभ्यास नाही आणि धड प्रशिक्षण नाही. संध्याकाळ तुमची आहे, तेव्हा मन लावून वाचा. आणि ज्या पदासाठी वाचताय, ते नायब तहसीलदाराचं असेल, तर त्या खुर्चीसमोर रोज येणारी प्रकरणं हीच आहेत: वारस, हरकत, रस्ता, गौण खनिज (वाळू, मुरूम वगैरे). शिवाय तुमची खात्याची दुय्यम सेवा परीक्षा आहे. ती ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या संधींत काढली नाही तर ज्येष्ठतेला फटका बसतो आणि तो पुढं फार वर्षं पुरतो. राज्यसेवा मिळेल न मिळेल, ही परीक्षा तर द्यावीच लागणार. तिचा अभ्यास वर्गात फुकट होतोय. एवढ्यावर तुम्हीच ठरवा.

राहिली लाज. हे मला मोठ्या वर्गात नेहमी दिसतं. तेवीस वर्षांची पोरगी, छत्तीस वर्षांचा दोन मुलांचा बाप, एमएस्सी, बीई, बीए सगळे एका रांगेत. प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना सगळं येतं. माझा अनुभव असा की 'वारस नोंद कशी करायची' असा प्रश्न विचारला तर शिकवणारा पुन्हा पडदा वाचतो, म्हणून तो वाया जातो. प्रश्न एखाद्या प्रकरणावरून विचारा: 'अमुक ठिकाणी एक वारस परदेशात आहे, नोटिशीची पोच येत नाही, पंधरा दिवस संपले, नोंद पुढं पाठवू का?' असा प्रश्न आला की शिकवणाऱ्याला पडदा सोडावा लागतो आणि मागच्या बाकांवरची पुस्तकंही खाली ठेवली जातात. प्रकरण स्वतःचं नसेल तर गावातलं, नात्यातलं, कुठलंही घ्या, नाव सांगू नका. सगळ्यांसमोर नकोच वाटलं तर तास संपल्यावर पायऱ्यांवर गाठा. आम्हाला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. आणि उत्तर देणारा 'बघावं लागेल' म्हणाला तर त्याला कमी समजू नका. जो लगेच ठोकून देतो, त्याचं उत्तर पुस्तकात पडताळा.

शेवटचं म्हणजे, जे तुमच्या वेळापत्रकात कुठल्याच तासाला नसेल ते. फेरफार संगणकावर आल्यापासून तुमची सही म्हणजे डिजिटल सहीचं टोकन आणि त्याचा पासवर्ड. सजावर गेल्यावर पहिल्या महिन्यातच कुणीतरी 'झिरो' तुम्हाला भेटेल. पगारपत्रकात नसलेला, पण कार्यालयातलं सगळं माहीत असलेला खासगी मदतनीस. फार उपयोगी माणूस असतो, गोड बोलतो, तुमचं दिवसाचं काम तासात उरकतो आणि टोकन त्याच्याकडंच राहिलेलं बरं असं तुम्हालाही वाटायला लागतं. त्याच्या हातून पडलेल्या प्रत्येक नोंदीखाली नाव तुमचं असतं. टोकन खिशात ठेवा, पासवर्ड कागदावर लिहू नका, कामाचा ढीग साठला तर तसं मंडळ अधिकाऱ्यांना लेखी कळवा. वर्गात यावर तास ठेवायला सांगा. एकट्यानं सांगायला अवघड वाटत असेल तर पाच-सहा जणांनी मिळून प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांना चिठ्ठी द्या. अशी चिठ्ठी आलेल्या वर्गात मी स्वतः हा तास घेतलेला आहे.